ओए७९ च्या आधीचे जगदीशचंद्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भोकरदनला मामाचा जुना ट्रान्झिस्टर उघडला. खरखर यायची, पण स्टेशन एकही लागेना. डिटेक्टरचा ओए७९ डायोड एक पाय सोडवून मल्टिमीटरवर तपासला, तर दोन्ही बाजूंनी काहीच रीडिंग नाही. ओपन! चांगला जर्मेनियम डायोड एका बाजूने साधारण ०.३ व्होल्ट दाखवतो, उलटा धरला की काही नाही. नवा टाकला आणि रेडिओ बोलू लागला.

त्या काचेच्या दाण्यात जर्मेनियमवर तारेचं टोक टेकलेलं असतं. असंच टोक खनिजावर टेकवून रेडिओलहरी पकडणारे जगदीशचंद्र बोस आपल्याला शाळेत भेटतात ते फक्त झाडांच्या धड्यात.

जन्म १८५८ चा, मैमनसिंगचा (आता बांगलादेशात). इंग्लंडमध्ये शिकून १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. भारतीय म्हणून पगार गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी. वडिलांवर कर्ज होतं, तरी तीन वर्षं त्यांनी पगाराला हात लावला नाही. शिकवणं मात्र चालूच. शेवटी सरकारने मागची बाकी धरून पूर्ण पगार दिला.

प्रयोगशाळा म्हणाल तर एक चिमुकली खोली, आणि मदतीला गावातला एक पत्रेकारागीर. (आपण लॅबमध्ये सीआरओ कमी म्हणून कुरकुरतो!) रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत कथलाचे पत्रे घालून त्यांनी पोलरायझर केला. १८९५ मध्ये टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली, दारू उडवली.

त्या काळचा कोहेरर म्हणजे लोखंडी कीस भरलेली नळी. एकदा लहर आली की कीस चिकटायचा, मग टिचकी मारून सोडवायचा. स्फटिक वीज एका दिशेने जास्त वाहू देतो हे ब्राऊनने १८७४ मध्येच पाहिलं होतं. बोसांनी गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, लहरी पकडायला वापरलं. टिचकीची गरजच संपली. पेटंटचा त्यांना तिटकारा. मित्रांच्या आग्रहाने अर्ज १९०१ मध्ये गेला, अमेरिकेचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्यातून त्यांनी पैसा केला नाही.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. मला वाटतं, थोडं लवकरच. १९१७ मध्ये बोस इन्स्टिट्यूट काढली, १९३७ मध्ये गिरिडीहला वारले. त्या कारागिराच्या काळातली उपकरणं कोलकात्यात त्याच संस्थेत जपून ठेवली आहेत.