महाजन तुकोबाराय



दिंडीच्या शंभरीचं पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, बुवा, जगद्गुरूंचं चरित्र तुम्ही लिहा. आम्ही चौथी शिकलेले, नांगर धरणारे. वीणा गळ्यात असली की बोलता येतं, कागदावर हात अडखळतो. अभंग इथं देत नाही, ते तुम्हां सर्वांना तोंडपाठ आहेत. चरित्र तेवढं सांगतो.

मागल्या एका वारीची गोष्ट. आकुर्डीचा मुक्काम हलला, पिंपरी मागं पडली आन् दिंडी संत तुकाराम नगराजवळ आली. तिथं मेट्रोचं स्टेशन आहे, त्यालाही महाराजांचंच नाव. पाणी वाटणाऱ्या एका लहान पोरानं आम्हाला विचारलं, बाबा, हे तुकाराम कोण होते, आमदार होते का? टाळकरी हसले, आम्हीही हसलो. पण दापोडीपर्यंत ते पोर काही डोक्यातून जाईना.

कारण पद तर महाराजांच्या घरात होतं. देहूच्या पेठेची महाजनकी मोऱ्यांच्या घरी होती. वडील बोल्होबा, आई कनकाई. महाराजांचा जन्म 1608 सालचा. जात कुणबी, धंदा वाण्याचा. शेती होती, दुकान होतं, सावकारीही होती. थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, आईबाप गेले, आणि सगळा भार तरण्या तुकोबांवर आला. तेवढ्यात 1630 चा दुष्काळ पडला. गुरं मेली, दुकान बसलं. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, पोर संतू गेला.

आता इथं जरा थांबतो. दुष्काळात सावकाराघरचे कागद किती जड होतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. ते कागद महाराजांच्याच घरात होते. मनात आणलं असतं तर गावाची जमीन दारात आली असती. त्यांनी काय केलं, तर धाकटे बंधू कान्होबा यांना बोलावून कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला, कारण तो त्यांच्या हक्काचा. आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. संप्रदायात असंच सांगत आलेत. म्हंजे बघा, ज्याच्या घरात दाणा नाही त्याच्याकडून वसूल करायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा सवाल महाराजांनी आधी आपल्याच गादीला केला. वह्या तरल्याची कथा आम्ही कीर्तनात तासभर रंगवतो आन् ही दोन वाक्यांत उरकतो. खरं सांगायचं तर पहिल्या रांगेत देणगीदार बसलेले असतात, म्हणून उरकतो.

पुढं महाराज भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. भामचंद्राच्या आसपास आता चाकणचे कारखाने आहेत. त्याच चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली, महाराजांचे अभंग लिहून घेऊ लागले. कुणब्यानं सांगायचं, तेल्यानं लिहायचं आन् गावानं ऐकायचं, हे काहींना खपेना. महाराजही गप्प बसणारे नव्हते. नुसतं पाठ म्हणणाऱ्याला जाणता का म्हणायचं, देवाच्या दारात जातीची अट कुणी घातली, असं ते उघड विचारत. जीभही तिखट होती. काही अभंग म्हणायला आम्हाला आजही संकोच वाटतो.

वाघोलीचे रामेश्वरभट मोठे विद्वान. शूद्राच्या तोंडून वेदाचा अर्थ निघतो, तोही मराठीत, हा अधर्म, असं त्यांचं म्हणणं. वह्या पाण्यात बुडवा, असा निकाल झाला. महाराजांनी तो पाळला. तरणी पोरं आम्हाला विचारतात, पाळला कशाला? आमच्या समजुतीप्रमाणं निकाल मानला म्हंजे सवाल मागं घेतला असं होत नाही. महाराजांनी तो वरच्या दरबारात नेला. काठावर शिळेवर बसून 13 दिवस अन्नपाणी सोडलं. आता जाब खुद्द पांडुरंगाला द्यायचा होता. वह्या कोरड्या वर आल्या. त्याच काळच्या संत बहिणाबाईंनी या 13 दिवसांची साक्ष आपल्या अभंगात ठेवली आहे. त्या स्वतः ब्राह्मणाघरच्या, तुकोबांना गुरू मानलं म्हणून मंबाजी गोसाव्याचा जाच त्यांनी सोसला.

रामेश्वरभटांचं पुढं काय झालं? ते देहूला आले, महाराजांचे शिष्य झाले. महाराजांची जी आरती आपण रोज म्हणतो ती त्यांचीच. शेवटी त्यांचं नाव येतं, पण टाळ्यांच्या नादात ध्यानात येत नाही. एवढा शास्त्री, आपलं चुकलं असं चारचौघांत मान्य केलं. आमच्या मते वह्या तरल्या त्याहून हा चमत्कार लहान नाही.

1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले. 1685 साली चिरंजीव नारायणमहाराजांनी पादुका पालखीत ठेवल्या, त्याच वाटेनं आपण चालतो.

एक आमचंही लिहून ठेवतो. काही वर्षांमागं एका मुक्कामाला एका मावशींनी भिशीचा हिशेब विचारला. वही आमच्याकडं होती. माळकऱ्याला हिशेब विचारतेस का, म्हणून आम्ही सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो. मावशी खाली मान घालून भांडी घासायला गेल्या. रात्री झोप येईना. कंदिलाजवळ वही घेऊन बसलो तर 340 रुपये कमी भरले. दोनदा मोजले. पैसे कुणी खाल्ले नव्हते, गॅसची टाकी आणली ती आम्हीच लिहायची विसरलो होतो. सकाळी काकड्यानंतर सगळ्यांसमोर मावशींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, पाया कशाला पडता बुवा, वही दाखवा.

तेव्हापासून मुक्कामाला आरती झाली की वही विण्याजवळ उघडी ठेवतो. मावशी अजून चालतात. चष्मा घरी राहिला तर नातीकडून वाचून घेतात.