ऑस्कर बार्नाक : लहान निगेटिव्ह, मोठे चित्र

छायाचित्रकाराच्या पिशवीत एक कॅमेरा आणि त्याला आलटून पालटून लावता येणारी दोन-तीन भिंगे असणे ही आज इतकी स्वाभाविक गोष्ट झाली आहे की, ती कधीतरी कोणाला तरी सुचावी लागली होती, याचा विसर पडतो. समारंभाचा अवघा मांडव टिपायचा तर रुंद कोनाचे भिंग, दूर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरचा भाव टिपायचा तर लांब पल्ल्याचे. कॅमेरा मात्र तोच. या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या माणसांत ऑस्कर बार्नाक यांचे नाव अग्रभागी आहे. विद्यापीठाची पदवी नसलेला, दम्याने त्रस्त असलेला हा जर्मन कारागीर सूक्ष्मदर्शके बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करीत होता. स्वतःला पेलेल असा एक कॅमेरा त्याने तयार केला आणि त्यातून छायाचित्रणाची वाटच बदलली.

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेस, ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लिनोव या खेड्यात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्डे परिसरात आले. तेथे खगोलीय उपकरणे बनविणाऱ्या एका यंत्रकाराकडे त्यांनी उमेदवारी केली. पितळेचा तुकडा किती घासावा, चक्राचे दाते कसे कापावेत, हाताला जाणवणारही नाही एवढी फट कशी बुजवावी, हे शिक्षण तेथे मिळाले. उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या जर्मन रिवाजाप्रमाणे त्यांनी गावोगावच्या कार्यशाळांत कामे केली आणि १९०२ मध्ये येना येथील कार्ल झाइस या विख्यात प्रकाशशास्त्रीय कारखान्यात प्रवेश केला. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला.

येना हे गाव थुरिंगियाच्या वनराजीच्या कुशीत वसलेले. बार्नाक यांना रानवाटा तुडविण्याचा छंद होता आणि छायाचित्रणाचाही. मात्र त्या काळी हे दोन्ही छंद एकत्र जोपासणे म्हणजे हमाली होती. १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटांवर चित्र घेणारा अवजड कॅमेरा, प्लेटांनी भरलेल्या चौकटी आणि लाकडी तिपाई एवढे ओझे पाठीवर घेऊन डोंगर चढावा लागे. निरोगी माणसाचीही त्यात दमछाक होई. बार्नाक यांना तर श्वासाचा विकार होता. चढावर धाप लागली की थांबणे भाग पडे. छंद सोडून देणे हा एक मार्ग होता, ओझे कमी करणे हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग धरला.

१९०५ च्या सुमारास त्यांनी एक प्रयोग करून पाहिला. एकाच मोठ्या प्लेटवर पंधरा-वीस लहान चित्रे शेजारी शेजारी घ्यायची आणि नंतर ती मोठी करायची. प्रयोग फसला. प्लेटवरील रसायनाचा कण एवढा भरड होता की, चित्र मोठे करताच त्याचा चुरा झाल्यासारखे दिसे. परंतु मूळ कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली. निगेटिव्ह लहान आणि चित्र मोठे हे सूत्र त्यांनी पुढे कधी सोडले नाही.

येना येथेच त्यांची एमिल मेखाऊ यांच्याशी ओळख झाली. मेखाऊ चित्रपट दाखविण्याच्या प्रक्षेपकावर काम करीत होते. ते वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेले आणि त्यांनी तेथे बार्नाक यांचे नाव सुचविले. लाहन नदीकाठच्या या लहानशा गावातील हा कारखाना सूक्ष्मदर्शकांसाठी जगभर ओळखला जात होता. प्रकृतीच्या तक्रारींमुळे बार्नाक यांना नव्या नोकरीची धास्ती वाटत होती. वारंवार आजारी पडणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेईल, हा प्रश्न रास्तच होता. तरीही लाइट्झ यांनी त्यांना बोलावले आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक प्रायोगिक विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले.

वेट्झलार येथे त्यांचा संबंध चित्रपटाच्या फिल्मशी आला. त्यांनी स्वतः धातूचा एक चलत्चित्र कॅमेरा बनविला होता. ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली ही फिल्म प्लेटेच्या मानाने बारीक कणांची होती, हलकी होती आणि गुंडाळून ठेवता येत होती. येना येथे फसलेल्या प्रयोगाला जे हवे होते, ते आता हाताशी आले. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात ही फिल्म उभी सरकते आणि प्रत्येक चौकट १८ × २४ मिलिमीटरची असते. बार्नाक यांनी फिल्म आडवी फिरविली आणि दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली. त्यातून २४ × ३६ मिलिमीटर हे माप जन्माला आले.

१९१३-१४ च्या सुमारास तयार झालेला हा पहिला नमुना पुढे ‘उर-लायका’ म्हणजे आद्य लायका म्हणून ओळखला जाऊ लागला. कोटाच्या खिशात मावणारी ही धातूची डबी होती, पण तिच्या आतील रचना चोख होती. फिल्मच्या अगदी पुढ्यात कापडी पडदा होता आणि त्यातील फट फिल्मवरून सरकत प्रकाश देत असे. एक कळ फिरविली की फिल्म पुढे सरके आणि त्याच वेळी पडदाही ताणला जाई. त्यामुळे एकाच तुकड्यावर चुकून दोन चित्रे उमटण्याचा धोका टळला. एक उणीव मात्र उरली होती. पडदा ताणताना फट उघडी राही, म्हणून तेवढा वेळ भिंगावर झाकण ठेवावे लागे.

बार्नाक यांनी हा कॅमेरा कपाटात ठेवला नाही. वेट्झलारच्या जुन्या चौकातील लाकडी चौकटींची घरे आणि घरातील मुले त्यांनी टिपली. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम गावात लागला, तो क्षणही त्यांनी टिपला. १९२० मध्ये लाहन नदीला पूर आला, तेव्हा पाण्याने भरलेल्या गल्ल्या त्यांच्या चित्रांत आल्या. तिपाई रोवून, माणसांना स्तब्ध उभे करून घेतलेली ही चित्रे नव्हेत. रस्त्यावर जे घडत होते ते घडत असतानाच टिपलेले होते. पुढे वृत्तछायाचित्रण म्हणून जी शाखा बहरली, तिची चाहूल या कारागिराच्या हौशी चित्रांत लागते.

युद्धामुळे कॅमेऱ्याचे काम मागे पडले. १९२० मध्ये थोरले लाइट्झ वारले आणि त्यांचे पुत्र, दुसरे एर्न्स्ट लाइट्झ, यांच्याकडे कारखान्याची सूत्रे आली. जर्मनीची स्थिती बिकट होती. १९२३ मध्ये चलनाचे मूल्य इतके घसरले की नोटांना कागदाचीही किंमत उरली नाही. अशा काळात बार्नाक यांच्या कॅमेऱ्याचे सुमारे वीस-पंचवीस चाचणी नमुने बनविण्यात आले आणि जाणकारांच्या हाती देण्यात आले. त्यांचे मत फारसे उत्साहवर्धक नव्हते. मोठ्या प्लेटेवर हाताने डागडुजी करण्याची व्यावसायिकांना सवय होती. नखाएवढ्या निगेटिव्हवर ते कसे करणार? शिवाय प्रत्येक चित्र मोठे करून घ्यायचे तर त्यासाठी वेगळे यंत्र हवे. हे खेळणे विकत कोण घेणार, असा एकंदर सूर होता.

जून १९२४ मध्ये लाइट्झ यांनी कारखान्यातील प्रमुखांची बैठक घेतली. चर्चा लांबली, विरोधाचे मुद्दे वजनदार होते. सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याने अनोळखी धंद्यात पैसा घालणे हा उघड जुगार होता आणि तो फसला असता तर मंदीत होरपळणाऱ्या कामगारांच्या पोटावरच पाय आला असता. दुसऱ्या बाजूने, नवे काम मिळाले नाही तरी त्यांच्या हातांना काम उरणार नव्हते. सर्वांचे ऐकून झाल्यावर लाइट्झ यांनी जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली आणि बार्नाक यांचा कॅमेरा बनविण्याचा निर्णय जाहीर केला. १९२५ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा या शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव ‘लायका’ ठेवले होते. तोवर पडद्याची उणीवही दूर झाली होती. ताणताना फट मिटून राही आणि झाकणाची गरज संपली होती.

लहान निगेटिव्हचे स्वप्न एकट्या यंत्रकाराला साकारता येण्यासारखे नव्हते. २४ × ३६ मिलिमीटरमध्ये टिपलेला तपशील मोठ्या कागदावर टिकायचा तर भिंग असामान्य धारदार हवे. ही बाजू माक्स बेरेक या प्रकाशशास्त्रज्ञाने सांभाळली. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/३.५ क्षमतेचे त्यांचे भिंग आधी पाच काचांचे होते. नंतर चार काचांचे ‘एल्मार’ आले आणि लायकाची ओळख बनले. बेरेक यांचे गणित आणि बार्नाक यांचे हात यांचा हा संयोग होता.

पहिल्या लायकाचे भिंग मात्र कॅमेऱ्याला कायमचे जोडलेले होते. खरे पाहता ते बदलण्याची शक्यता बार्नाक यांच्या रचनेतच दडलेली होती. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत प्रकाश अडविणारी यंत्रणा भिंगातच असे. भिंग काढले की फिल्म उघडी पडे. लायकाचा पडदा फिल्मपाशी असल्याने भिंग काढले तरी फिल्म सुरक्षित राही आणि प्रत्येक भिंगात वेगळी यंत्रणा बसविण्याचीही गरज नव्हती. १९३० मध्ये ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसणारी भिंगे आली. तरीही अडचण संपली नव्हती, कारण सुरुवातीला प्रत्येक भिंग त्या त्या कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावे लागे. एकाचे भिंग दुसऱ्याला लावले तर चित्र अस्पष्ट येण्याची भीती असे.

१९३१ मध्ये यावर जो उपाय झाला, तो दिसायला साधा पण फार दूरवर परिणाम करणारा होता. भिंग जेथे टेकते ती कडा आणि फिल्म यांतील अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम ठरविण्यात आले. हे माप पाळून बनलेला कोणताही कॅमेरा आणि कोणतेही भिंग आता एकमेकांशी जुळू लागले. ३५ मिलिमीटरचे रुंद कोनाचे, व्यक्तिचित्रांना सोयीचे ९० मिलिमीटरचे, दूरच्या दृश्यासाठी १३५ मिलिमीटरचे अशी भिंगे एकाच कॅमेऱ्यावर चढू लागली. १९३२ च्या दुसऱ्या लायकात अंतरमापक थेट भिंगाशी जोडला गेला. भिंग कोणतेही असो, ते कॅमेऱ्याच्या आतील तरफेला ५० मिलिमीटरच्या भिंगाइतकेच हलवील, अशी योजना त्यात होती. भिंग फिरवीत अंतरमापकातील दोन प्रतिमा एकावर एक आणल्या की नेम साधला.

त्याभोवती उपसाधनांचे एक विश्वही उभे राहिले. भर उजेडात भरता येणारी फिल्मची पितळी डबी, सुटा अंतरमापक, निरनिराळ्या भिंगांसाठी एकच व्ह्यूफाइंडर, चित्र मोठे करणारे यंत्र अशा वस्तू लाइट्झ कारखाना विकू लागला. तारेने मागणी नोंदविणे सोपे जावे म्हणून त्यांना फिल्का, फोडिस, व्हिडोम अशी पाच रोमन अक्षरांची सांकेतिक नावे दिली होती. ग्राहक आता केवळ कॅमेरा घेत नव्हता. गरजेप्रमाणे वाढविता येणाऱ्या एका संचात तो प्रवेश करीत होता. कॅमेरा विकण्याची ही रीत पुढे साऱ्या जगाने उचलली.

१९३३ मध्ये आलेल्या तिसऱ्या लायकात पडद्याचा वेग पूर्ण एक सेकंदापर्यंत मंद करता येऊ लागला. बार्नाक यांची प्रकृती मात्र साथ देत नव्हती. १६ जानेवारी १९३६ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कॅमेऱ्याने काय साधले, हे त्यांच्यानंतर अधिक ठळक झाले. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ पासून लायका हाती घेतला आणि तो घेऊन ते भारतातही आले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते गांधीजींना भेटले होते. त्यानंतर दिल्लीत उसळलेला शोकाकुल जनसागर त्यांनी टिपला. गर्दीत मिसळून, कोणाच्या नजरेत न भरता चित्र घेण्याचे हे बळ त्या लहान डबीने दिले होते.

३९ मिलिमीटरच्या आट्यांचे माप लाइट्झच्या कारखान्यापुरते राहिले नाही. सोव्हिएत संघातील फेड व झोर्की आणि जपानमधील कॅनन यांसारख्या कॅमेऱ्यांनी ते स्वीकारले. १९५४ मध्ये लायकानेच एम-३ या कॅमेऱ्यात आटे सोडून झटकन बसणारी खाच आणली, तरी जुनी भिंगे जोडकडी लावून त्यावर चालत राहिली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही ती तशीच बसविता येतात. बार्नाक यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७९ मध्ये, त्यांच्या नावाने छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. १९२३-२४ च्या चाचणी नमुन्यांपैकी त्यांचा स्वतःचा कॅमेरा जून २०२२ मध्ये झालेल्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला.

लिलावातील हा आकडा थक्क करणारा असला, तरी बार्नाक यांच्या कामाचे मोल अधिक साध्या ठिकाणी दिसते. फिल्म मागे पडली, तिच्या जागी संवेदक आला. पण ज्याला आज छायाचित्रकार ‘फुल फ्रेम’ म्हणतात, त्याचे माप २४ × ३६ मिलिमीटरच आहे. इंदूरच्या लग्नघरात, पणजीच्या मिरवणुकीत किंवा बेळगावच्या सभेत असा कॅमेरा हाती घेऊन भिंग बदलणारा छायाचित्रकार याच मापात चित्र बांधत असतो. डोंगर चढताना धाप लागणाऱ्या एका माणसाने पाठीवरचे ओझे कमी करण्यासाठी चित्रपटाच्या फिल्मवर दोन चौकटी जोडल्या, त्यातून हे माप आले आहे.