मडगावचा मुलगा, मुंबईचे मैदान

घर हलते तेव्हा भांडीकुंडी, कागदपत्रे आणि देव्हाऱ्यातील देव यांची आठवणीने बांधाबांध होते. घरातल्या मुलाचे मैदान मात्र मागेच राहते. खानदेशातून सुरतच्या गोडादऱ्यात जाऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे असोत की पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरणारे गोमंतकीय असोत, हा अनुभव सर्वांचा सारखाच. खेळणाऱ्या किशोराला नव्या गावात आपली जागा पहिल्यापासून मिळवावी लागते. दिलीप सरदेसाई यांच्या वाट्याला हे सतराव्या वर्षी आले.

८ ऑगस्ट १९४० रोजी मडगावात त्यांचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. न्यू ईरा हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांना क्रिकेटचा नाद लागला. त्यांच्याच वयाचे चुलतभाऊ सोपान हेही क्रिकेट खेळत. परंतु त्या काळच्या गोव्यात राज्य होते फुटबॉलचे. क्रिकेटसाठी ना सोयी होत्या, ना पुढे नेणाऱ्या स्पर्धा. खेळाची ओढ होती. तिला वाट नव्हती.

त्यातच काळ अस्थिर झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वे वाहतूकही थांबली. एकाच कोकण किनाऱ्यावरची मडगाव आणि मुंबई ही शहरे परस्परांना परकी झाली. अशा दिवसांत, १९५७ मध्ये, सरदेसाई कुटुंबाने मडगाव सोडून मुंबईत बिऱ्हाड केले.

मुंबईत क्रिकेट होते, पण ते वाट पाहत थांबलेले नव्हते. तिथली मुले शाळेत असतानाच गाइल्स आणि हॅरिस ढालीच्या स्पर्धांतून तावूनसुलाखून निघत. आझाद मैदान आणि शिवाजी पार्कवर वर्षानुवर्षे घाम गाळलेली ही मुले सतराव्या वर्षी मुरलेले खेळाडू असत. मडगावहून आलेल्या दिलीपसाठी शालेय क्रिकेटची ती शिडी आता संपली होती. त्याला शेजारच्यांपेक्षा कैक पावले मागून धावायला सुरुवात करायची होती.

आधार मिळाला तो विल्सन महाविद्यालयात. तेथे प्रशिक्षक मन्या नाईक यांनी या मुलाच्या फलंदाजीतील चमक ओळखली. मग प्रगती वेगाने झाली. १९५९-६० च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्या मोसमात पुण्यात पाकिस्तानच्या पाहुण्या संघाविरुद्ध भारतीय विद्यापीठांकडून खेळताना, प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० मिनिटे किल्ला लढवून ८७ धावा जमवल्या. पाठोपाठ बंगळुरूला त्याच संघाविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. मुंबईत पाऊल ठेवल्याला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्ध कानपूर येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. १ डिसेंबरला सुरू झालेला तो सामना ६ डिसेंबरला संपला आणि त्यानंतर तेरा दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. म्हणजे मडगावचा हा मुलगा भारताकडून खेळला तेव्हा मडगाव भारतात नव्हते! कुटुंबाने सोडलेले घर आणि त्याने आपलासा केलेला संघ यांच्यामधली सीमा त्याच महिन्यात पुसली गेली.

पुढची वाट सरळ नव्हती. १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात भारत ८८ धावांत गारद झाला आणि फॉलोऑनची नामुष्की ओढवली. तेव्हा दुसऱ्या डावात नाबाद २०० धावा करून सरदेसाईंनी संघाला सावरले. नंतर दुखापती आणि अपयश यांमुळे ते संघाबाहेर फेकले गेले. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार अजित वाडेकर यांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाली असताना सरदेसाईंनी एकनाथ सोलकर यांच्या साथीने डाव उभा केला आणि २१२ धावा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी ११२ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय मिळवला. ब्रिजटाऊनला पुन्हा पडझडीत १५० धावा केल्या. या मालिकेत त्यांनी एकूण ६४२ धावा जमवल्या. सारे कोसळत असताना पाय रोवून उभे राहणे, हा त्यांच्या फलंदाजीचा स्वभावच होता.

३० कसोटींत २००१ धावा आणि पाच शतके करून ते निवृत्त झाले. मुंबईकडून ते रणजी करंडकाचे दहा अंतिम सामने खेळले आणि त्यांपैकी एकही हरले नाहीत. २ जुलै २००७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोव्याचा संघ रणजी स्पर्धेत प्रथम उतरला तो १९८५-८६ मध्ये. सरदेसाईंनी तोवर बॅट खाली ठेवून एक तप लोटले होते. मडगावातच राहिलेल्या त्यांच्या वयाच्या मुलांमध्ये किती जण तसेच खेळू शकले असते, याची नोंद कोणत्याही धावफलकात नाही. घर हलले म्हणून एकाला मैदान सापडले. ज्यांची घरे हलली नाहीत, त्यांच्यापर्यंत मैदान पोहोचायला आणखी अठ्ठावीस वर्षे लागली.