अंगणात गेलेली शाळा

बालशिक्षण ही सुखवस्तू घरांची चैन आहे, हा समज खोडून काढण्यात ताराबाई मोडक यांचे आयुष्य खर्ची पडले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांना पटले होते. मूल हाताने शिकते, स्वतःच्या गतीने शिकते, आणि दटावणीने त्याचे शिकणे खुंटते. परंतु त्या पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढल्यावर ताराबाईंनी या आर्थिक अडचणीवर मात केली. शिंपले, बिया, पाने, खडे व माती यांतूनच मोजणी, रंगओळख आणि आकारज्ञान साधले जाऊ लागले. अभ्यासक्रम परिसरातून उगवला. खर्च घटला, पण शास्त्र सुटले नाही.

तरीही गरिबांची मुले बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी होय. धाकट्या भावंडाला सांभाळण्यापायी थोरल्या बहिणीची शाळा बुडते, हे ओळखून पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली. या साऱ्या कार्यात अनुताई वाघ यांची साथ त्यांना अखेरपर्यंत लाभली. १९६२ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरविलेल्या ताराबाईंचे १९७३ मध्ये निधन झाले.

दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. नाव पोहोचले, आशय मात्र वाटेत पातळ झाला. अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खाऊवाटप आणि नोंदवह्या, असेच समीकरण होऊन बसले. पोषण हवेच, पण पोट भरलेल्या मुलाच्या हातालाही काम हवे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपुढील वय शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतले, ही ताराबाईंच्या विचाराला मिळालेली उशिराची मान्यता होय.

तिची कसोटी कोडोलीसारख्या उसाच्या पट्ट्यात लागेल. गळीत हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात. आईबाप फडात राबतात आणि लहानगी पाचटाच्या खोपीपाशी दिवस काढतात. त्या खोपीपर्यंत शाळा गेली, तरच ताराबाईंचा वारसा आपण चालविला असे म्हणता येईल.