मठाच्या स्वयंपाकघरातला ब्रदर लॉरेन्स

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. खर्चाला हातभार म्हणून सकाळी एका मेसमध्ये वाढपाचे व भांडी घासण्याचे काम करतो, आणि वर्गात शिरण्यापूर्वी हातांना फोडणीचा वास राहिला नाही ना, हे दोनदा पाहतो. ही गोष्ट आजवर वर्गमित्रांना सांगितली नव्हती. पण ब्रदर लॉरेन्सविषयी लिहायचे, तर ती लपवून कसे चालेल?

फ्रान्समधील लोरेन प्रांतात १६१४ च्या सुमारास एका गरीब घरात निकोला एर्माँचा जन्म झाला. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्याने एक निष्पर्ण झाड पाहिले. थोड्याच दिवसांत याला पाने फुटतील, फुले-फळे येतील, या विचारासरशी देवाच्या सामर्थ्याचा जो ठसा मनावर उमटला, तो कायमचा. पुढे सैन्यात गेला; युद्धात जखमी होऊन लंगडा झाला. मग एका बड्या माणसाकडे नोकर राहिला. तिथे तो असा धांदरट, की हाती येईल ते फुटायचे!

१६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला आणि ब्रदर लॉरेन्स झाला. तिथे धांदरटपणाची चांगली शिक्षा मिळेल अशी त्याची अपेक्षा. मिळाले ते समाधानच. काम मात्र मिळाले स्वयंपाकघराचे, आणि त्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. संतांना सगळी कामे गोडच लागतात, अशी आपली उगीच समजूत असते. तिटकाऱ्याचे ते काम त्याने सुमारे पंधरा वर्षे केले.

देवाच्या कृपेने माणूस हळूहळू ख्रिस्तासारखा होत जाणे, याला ख्रिस्ती लोक पवित्र होणे म्हणतात. लॉरेन्सचे म्हणणे असे, की त्यासाठी कामे बदलावी लागत नाहीत. एरवी स्वतःसाठी करतो तीच देवासाठी करावीत. कामापूर्वी तो देवाकडे मदत मागे, काम चालू असता मनात त्याच्याशी बोले, आणि चुकले तर चूक कबूल करून पुढच्या कामाला लागे. तव्यावरचे ऑम्लेट उलटायचे, तेही त्याच्या प्रेमाखातर. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्याला पुढे फरक उरला नाही. 'पुढे' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. कारण त्याआधी चार वर्षे आपण नरकातच जाणार, या भीतीने तो पोळत होता.

जनीबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. लॉरेन्सची भांडी घासायला मात्र कोणी आले नाही.

एकदा मठासाठी वाइन खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवले. व्यवहाराचे ज्ञान नाही, पाय अधू. होडीत पिंपांवरून लोळतच सरकावे लागले. काम पार पडले. उतारवयात बसून करायचे काम मिळाले, मठवासीयांच्या चपला दुरुस्त करण्याचे. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी तो वारला. त्याची पत्रे आणि संभाषणे जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने जपली व छापली, म्हणून तो आपल्याला ठाऊक.

परवा आमटीचे मोठे पातेले करपले. लॉरेन्सला आठवून घासायला बसलो. निम्म्यावर येईतो राग आलाच. मग पाणी बदलले आणि उरलेले घासले.