तारामती कोण करणार?

आमच्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची जनता राहते. एक, जी सबमिशनच्या आदल्या रात्री जागते आणि दुसरी, जी ट्रेलर येणार असेल त्या रात्री जागते. अस्मादिक दुसऱ्या गटातले! हिरोईन कोण फायनल झाली, व्हिलन कोण, अमक्याने पिक्चर सोडला म्हणे, तमका त्यासाठी वजन वाढवतोय म्हणे... या विषयांवर आमच्या विंगमध्ये जेवढं डोकं चाललं तेवढं थर्मोडायनॅमिक्सवर चाललं असतं तर सगळ्यांना डिस्टिंक्शन मिळालं असतं. असो.

अशाच एका रात्री ट्रेलरला वेळ होता म्हणून कुणीतरी दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा तुकडा लावला. पडद्यावर तारामती आली. नऊवारी, दागिने सगळं ठीक, पण खांदे आणि दंड बघून अख्खी विंग हसत सुटली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, हे कबूल करतो. मग ही 'हिरोईन' कोण म्हणून शोधायला बसलो आणि त्या रात्रीचा ट्रेलर बघायचा राहूनच गेला.

आधी माणसाबद्दल सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म 30 एप्रिल 1870, त्र्यंबकेश्वर. वडील शास्त्री. पोरगा मात्र पोथ्या सोडून चित्रकलेकडे गेला. 1885 मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे पुराणवस्तू खात्यात ड्राफ्ट्समन, मग लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यात काम, स्वतःचा छापखाना, त्यासाठी जर्मनीची वारी, आणि शेवटी भागीदारांशी बिनसल्यावर तेही बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर वयाच्या चाळीशीपर्यंत माणसाने चार-पाच ब्रँच बदलल्या आणि एकीतही प्लेसमेंट नाही!

आणि मग मुंबईत एका तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण चालायला लागले. यापुढे त्यांचं जे झालं ते आपल्यापैकी कुठल्याही फॅनला ओळखीचं वाटेल. रोज चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात त्यावर प्रयोग करायचे, झोप नावापुरती. शेवटी डोळ्यांनी संप पुकारला. काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी नजर परत आली आणि पठ्ठ्या परत तंबूत हजर. मात्र आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. पुढचा पिक्चर कोणता येतोय याची आपण वाट बघतो. त्यांना जो पिक्चर बघायचा होता, तो कुठून येणारच नव्हता. तो करायला या देशात कुणी नव्हतंच.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला निघाले. तिथे ओळख कुणाची? तर 'बायस्कोप' नावाच्या सिने-साप्ताहिकाची, कारण ते भारतात त्याचे वर्गणीदार होते. त्याची पाटी दिसली तसे सरळ आत शिरले आणि संपादकाला भेटले. मी हे वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. सिनेमाच्या बातम्या वाचणं अगदीच वाया जात नाही म्हणायचं! संपादकाने आधी यात पडू नका म्हणून समजावलं, मग माणूस ऐकत नाही बघून सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओपर्यंत वाट करून दिली. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेण्याची व्यवस्था करून फाळके एप्रिलच्या सुरुवातीला परतले.

आता पैसे. सावकाराला सिनेमा समजावून सांगणार कसा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. महिनाभराने ती पट्टी चालवली, तर कोंब फुटून वेल भराभरा वर चढताना दिसला. आज याला टाइम-लॅप्स म्हणतात. मी याला ट्रेलर म्हणतो. बघणाऱ्याने पैसे दिले, म्हणजे ट्रेलर हिट होता.

आणि आता कास्टिंग. इथे खरी गंमत आहे आणि इथेच माझं हसू हळूहळू ओसरत गेलं.

सिनेमात काम करणं म्हणजे काय हेच लोकांना माहीत नव्हतं आणि जे ऐकून होतं ते वाईट होतं. फाळक्यांनी पेपरात जाहिराती दिल्या. आले ते असले नग, की पुढच्या जाहिरातीत कुरूप चेहऱ्यांनी तसदी घेऊ नये अशा अर्थाची ओळ घालावी लागली! हरिश्चंद्र म्हणून दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. रोहिदासाच्या भूमिकेला आपली मुलं पाठवायला लोक तयार नव्हते, मुलाला पडद्यावर मरायचं होतं ना! म्हणून स्वतःच्या मुलाला, भालचंद्रला, उभं केलं. पण तारामती? घरंदाज बाई सोडाच, ज्या वस्तीत सभ्य माणूस दिवसा पाऊल टाकत नाही तिथेही फाळके जाऊन आले आणि तिथूनही नकार घेऊन परतले. ज्यांना समाज नावं ठेवायचा त्या बायकांनासुद्धा सिनेमा खालच्या दर्जाचा वाटत होता.

मग ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत त्यांची नजर तिथल्या कामगारावर पडली. सडपातळ अंग, नाजूक बोटं. नाव अण्णा साळुंके. महिना 10 रुपयांवर राबणाऱ्या साळुंक्यांना फाळक्यांनी 15 रुपये देऊ केले आणि भारताच्या पहिल्या मोठ्या कथापटाला हिरोईन मिळाली. ज्या 'खांद्यांवर' मी हसलो होतो ते हे. बाकी स्त्रीभूमिकांसाठी घेतलेल्या पोरांचं वेगळंच. मिशी काढायला तयार नाहीत, कारण मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर! त्यांच्या बापांची समजूत काढायचं कामही दिग्दर्शकाकडेच. घरी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे असं सांगा, असं फाळक्यांनी आपल्या नटांना शिकवून ठेवलं होतं. 2009 साली आलेल्या परेश मोकाशींच्या सिनेमाचं नाव तिथलंच.

दादरच्या मेन रोडवरचा बंगला म्हणजे ही फॅक्टरी. दिवसा उन्हात शूटिंग, रात्री धुलाई. कच्च्या फिल्मला भोकं नसायची, ती अंधारात बसून पाडावी लागत. ते काम पत्नी सरस्वतीबाईंकडे, आणि वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही. मी कागद घेऊन हिशेब केला. सिनेमा सुमारे 3,700 फुटांचा. 35 मिमी फिल्मवर फुटाला 16 फ्रेम म्हणजे साधारण 59 हजार फ्रेम. फ्रेमला दोन्ही बाजूंनी मिळून आठ भोकं, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास, आणि ही फक्त एका प्रतीची! सरस्वतीबाईंचं नाव टायटलमध्ये पहिलं यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

3 मे 1913. गिरगावात सँडहर्स्ट रोडवरचं कॉरोनेशन थिएटर. सिनेमाच्या जोडीला नाच, नकला आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू असा भरगच्च मेनू होता. मुंबईत गर्दी झाली, पण बाहेरगावी पंचाईत. रात्र-रात्र नाटक बघायची सवय असलेल्या लोकांना दीड तासाचा खेळ महाग वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात काढली, की 57 हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र अवघ्या तीन आण्यांत! लोक लोटले. वरचा हिशेब हाताशी होताच, म्हणून ताडून पाहिलं. 57 हजार फोटो अगदी खरे. दोन मैल म्हणजे मात्र 10,560 फूट, आणि फिल्म मैलभरसुद्धा नाही. म्हणजे निम्मी जाहिरात इंजिनिअरने लिहिली आणि निम्मी मार्केटिंगवाल्याने. दोघंही एकच माणूस, हे विशेष.

तारामतीच्या प्रश्नाला उत्तर मात्र त्याच वर्षी मिळालं. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. विक्रम गोखल्यांच्या पणजी आणि आजी. अण्णा साळुंके यावर रुसून घरी बसले नाहीत. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम त्यांनीच केला आणि सीताही त्यांनीच. त्या सिनेमाच्या गल्ल्याची नाणी बैलगाडीतून नेली असं सांगतात. पुढे ते कॅमेरामनही झाले. खानावळ ते डबल रोल ते कॅमेरा, याला म्हणतात करिअर!

मधली वर्षं भराभर सांगतो. फाळक्यांचं बस्तान नाशिकला हललं. 1918 मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी, 'श्रीकृष्णजन्म', आणि 1919 चा 'कालियामर्दन', ज्यात छोटी मंदाकिनी, त्यांचीच मुलगी, कृष्ण झाली. पुरुषाला तारामती करणाऱ्याने आता मुलीला कृष्ण केलं होतं. मग भागीदारांशी वाद. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं आणि काही काळाने परत आले. स्वभाव सोपा नसावा. पैशाचे हिशेब आणि त्यांचं कधी जमलंच नाही.

मला जास्त लागलं ते 1932 साल. प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मराठीतला पहिला बोलपट आणि गोष्ट कुणाची? हरिश्चंद्राचीच! तारामती होत्या दुर्गा खोटे, चांगल्या घरातल्या, शिकलेल्या. ज्या पात्रासाठी फाळके मुंबईभर हिंडले, ते पात्र आता पडद्यावर बोलत होतं, गात होतं. आणि त्याच वर्षी फाळक्यांचा 'सेतुबंधन' आला, जो त्यांनी मूकपट म्हणून केला होता. 1931 मध्ये 'आलम आरा'ने सगळं उलटंपालटं केल्यावर त्याला मागाहून आवाज चिकटवावा लागला. ज्याने इथे सिनेमा सुरू केला तोच एका रात्रीत जुन्या सिलॅबसचा विद्यार्थी ठरला. तरीही 1937 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, कोल्हापूरला जाऊन त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. त्यांचा शेवटचा.

16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून सुरू झाला आणि पहिला मिळाला देविका राणींना.

तो तुकडा मी परत पाहिला. जे काही शिल्लक आहे ते 1917 साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीतलं असावं असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, पण बाई म्हणून उभे आहेत ते पुरुषच. या वेळी विंगमधला एक ज्युनिअर खांद्यावरून डोकावला आणि खो-खो हसला. त्याला बसवला, आणि ग्रँट रोडच्या खानावळीपासून सांगायला सुरुवात केली.