राजकोटचा लाजाळू विद्यार्थी

शाळा सुटताच मुलगा सरळ घरी येतो, कुठे उनाडक्या करीत नाही, एवढ्यावर आपण आया निश्चिंत होतो. राजकोटच्या दिवाणसाहेबांचा धाकटा मुलगा अगदी असाच होता. घंटेला शाळेत हजर आणि सुटताच जवळजवळ धावत घरी. कारण मात्र घराची ओढ एवढेच नव्हते. वाटेत कोणी बोलेल, आपली थट्टा करील, याची त्याला धास्ती वाटे. हा मुलगा म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडिलांची नेमणूक राजकोटला झाली तेव्हा मोहनदास सात वर्षांचे होते. मातोश्री पुतळीबाई फार व्रतस्थ, घर कडक वैष्णव. हायस्कुलातल्या पहिल्याच वर्षी इन्स्पेक्टरसाहेब परीक्षेला आले आणि त्यांनी इंग्रजी शब्द लिहावयास घातले. मोहनदासांचा एक शब्द चुकला. शेजारच्याच्या पाटीवरून पाहून लिही, असे मास्तरांनी बुटाच्या टोकाने सुचविले. पण नक्कल होऊ नये म्हणून मास्तर उभे असतात, अशीच या मुलाची समजूत! वर्गातल्या साऱ्यांचे शब्द बरोबर आले, हे एकटे खुळे ठरले. साऱ्या वर्गासमोर खुळे ठरणे मुलाला किती जड जाते हे आपण जाणतो; पण मोहनदासांनी नक्कल करण्याची विद्या काही पुढेही उचलली नाही.

हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी हे शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले. मोहनदासांना दोन्हीचा कंटाळा. मोकळ्या हवेत लांब फिरावयास जाणे त्यांना आवडे. पण चार मुलांत मिसळून खेळणे नको वाटे. शिवाय शाळा सुटल्यावर आजारी वडिलांची सेवा करावी, ही तळमळ. एका शनिवारी सकाळची शाळा होती आणि कसरत दुपारी चारला. घड्याळ नव्हते, आभाळ भरून आलेले, वेळ कळली नाही. ते पोचले तो मैदान रिकामे! दुसऱ्या दिवशी खरे कारण सांगितले, ते खोटे मानले गेले आणि आणा-दोन आण्यांचा दंड झाला. दंडाचे काही नाही, पण खोटे ठरलो म्हणून मुलगा रडला. पुढे वडिलांनी चिठ्ठी दिली तेव्हा सुटका झाली. शिक्षणात शरीराच्या व्यायामाला बुद्धीइतकेच स्थान हवे, असे मत मोठेपणी त्यांनी आवर्जून मांडले आहे.

खेळात न मिसळणारा मुलगा वाईट संगतीपासून वाचतो असे मात्र नाही. चुलत्यांनी ओढून टाकलेली विड्यांची थोटके एका नातलग मुलाबरोबर ओढून झाली होती. त्यापायी नोकराचे पैसेही चोरले गेले. आणि ज्याला सवंगडी थोडे, त्याच्यावर एकाच मित्राची छाप फार खोल बसते. मधल्या भावाचा एक मित्र होता. आत्मचरित्रात गांधीजींनी त्याचे नाव दिलेले नाही, हे मला मोठे मनाचे वाटते. तो मैलोगणती धावे, उंच उडी, लांब उडी मारी, कशाला भीत नसे. मोहनदासांना चोराची, भुताची, सापाची भीती. रात्री दिव्यावाचून झोप येत नसे. मांस खातो म्हणून मला हे बळ आहे, असे त्या मित्राने पटविले. इंग्रजही मांसाच्याच जोरावर राज्य करतो, ही समजूत तेव्हा शाळकरी मुलांत पसरलेलीच होती. आईने, थोरल्या भावाने, पत्नी कस्तुरबांनी सावध केले. पण मी त्याला सुधारीन, असा या भोळ्याचा अभिमान!

नदीकाठी एकांतात पहिले मांस खाल्ले ते चामड्यासारखे चिवट लागले. रात्री पोटात बोकड ओरडतो आहे असे भासून झोप उडाली. तरी वर्षभरात पाच-सहा वेळा असे जेवण झालेच. घरी आल्यावर आई ताटावर बोलावी आणि भूक नाही म्हणून काहीतरी सांगावे लागे. तिथेच गाडे अडले. मांस खाण्याचे त्यांना तेव्हा पाप वाटत नव्हते. आईशी खोटे बोलणे सोसवेना. आईवडील आहेत तोवर हे बंद, असे त्यांनी मित्राला सांगून टाकले. मैत्री मात्र सुटली नाही.

पंधराव्या वर्षी त्या भावाचे पंचवीसेक रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच सोन्याच्या कड्याचा तुकडा काढला गेला. तोंडाने सांगण्याचा धीर होईना, म्हणून चिठ्ठी लिहून वडिलांच्या हाती दिली. आजारी वडील उठून बसले, वाचताना त्यांच्या डोळ्यांतून टिपे गळली, चिठ्ठी फाडून ते पुन्हा आडवे झाले. एक शब्दही बोलले नाहीत. १८८५ साली ते वारले.

१८८८ मध्ये विलायतेस जाताना मांस-मदिरेला शिवणार नाही अशी शपथ आईपुढे घेतली होती. लंडनमध्ये एका स्नेह्याने त्यांना झकपक भोजनगृहात नेले. सुपात मांस आहे का, हे विचारण्यासाठी त्यांनी वाढप्याला बोलावले, हे कळताच स्नेही संतापला; मोहनदास उठून बाहेर आले आणि त्या रात्री उपाशी राहिले. शपथ होती म्हणून तिथे टिकले. मात्र आपण अगदीच गावंढळ नाही हे दाखविण्यासाठी त्यांनी सभ्यपणाचे शिक्षण आरंभिले. नाचाचा वर्ग तीन पौंड. तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानोच्या ताली पाऊल पडेना. सूर कळावा म्हणून व्हायोलिन घेतले, त्याचे आणखी तीन पौंड. वक्तृत्वाचे मास्तर निराळे!

हे वेड तीनेक महिने टिकले. वक्तृत्वाच्या आणि नाचाच्या शिक्षकांना त्यांनी पत्रे पाठवून वर्ग सोडले. व्हायोलिन शिकविणाऱ्या बाईंकडे मात्र स्वतः गेले, येईल त्या किमतीला वाद्य विकून टाका म्हणाले आणि आपण कसे भलत्या मार्गाला लागलो होतो तेही सांगितले. त्या बाईंनी त्यांच्या निश्चयाला उत्तेजनच दिले.